टाके आपण पिकवतो

बाई गुलमंडीत कापड घ्यायला गेल्या की दुकानदार गादीवरून उठायचा आणि मांजरपाटाचं ठाण स्वतःच्या हातानं उलगडून दाखवायचा. बाई कापडाला हात लावत नसत. ऑपरेशनला उभं राहण्याआधी डॉक्टर जसे धुतलेले हात कोपरात वाकवून, बोटं वर करून छातीसमोर धरतात, तसे हात धरून त्या भर बाजारात उभ्या असायच्या. शेजारून टांगे जात, सायकलींच्या घंट्या वाजत, कुणी धक्का देऊन जाई, पण ते हात खाली येत नसत. नवख्या माणसाला वाटायचं, या बाईंचे हात भाजलेत. दुकानदाराला मात्र सगळं ठाऊक होतं. तो कापड उन्हाकडं धरायचा, बाई मान तिरकी करून विणीतून उजेड किती येतो ते बघायच्या, आणि जास्त आला तर "दुसरं" एवढंच म्हणायच्या. त्या मांजरपाटाच्या चादरी आमच्याकडं ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या अंगावर अंथरल्या जात.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमचा दवाखाना म्हणजे एका ट्रस्टनं चालवलेलं बायकांचं छोटं हॉस्पिटल. बाळंतपणं, सीझर, पिशवी काढायची ऑपरेशनं. बाई तिथल्या मुख्य सर्जन. मी कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, नुकतीच डॉक्टर होऊन तिथं लागलेली. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या बांगड्या उतरवल्या, नखं कापायला लावली आणि माझे तळवे स्वतःच्या नाकाशी नेले.

"सकाळी मेथी निवडलीस," म्हणाल्या.

निवडली होती. त्यानंतर दोनदा साबण लावला होता, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

वास घेणं हा त्यांचा रोजचाच कार्यक्रम होता. सकाळच्या राउंडला पेशंटच्या पोटावरची पट्टी सोडली की आम्ही सगळे टाक्यांकडं बघायचो, आणि बाई डोळे मिटून वाकायच्या. जखम आधी नाकाशी बोलते आणि मग डोळ्यांशी, असं त्या म्हणायच्या. लाली येण्याच्या, पू दिसण्याच्या आदल्या दिवशीच त्यांना कळायचं. कळलं की त्या सरळ व्हायच्या आणि बराच वेळ काही बोलायच्या नाहीत. त्या शांततेला सगळा वॉर्ड भ्यायचा.

दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी एक शब्द असायचा: टाके पिकले. नर्सा म्हणायच्या, आया म्हणायच्या, पेशंटच्या सासवा म्हणायच्या. जणू ऋतूच आला आणि पिकले. बाईंसमोर मी एकदाच म्हटलं. त्या थांबल्या.

"आंबा पिकतो, पोरी. टाके पिकत नाहीत. टाके आपण पिकवतो. कुणाच्या तरी हातानं, कुणाच्या तरी बेफिकिरीनं. कुणाच्या, ते शोधायचं."

त्या मला 'पोरी' म्हणत होत्या तोवर भ्यायचं कारण नसे. बाई रागावल्या की आवाज चढत नसे, उलट बोलणं अदबशीर होत जाई. 'आपण' म्हणायला लागल्या की समोरच्यानं समजून जायचं. "आपण हात धुतलेत असं आपलं म्हणणं आहे का?" हे वाक्य ऐकून एक शिकाऊ नर्स थिएटरातच रडायला लागलेली मी पाहिली आहे.

ही अदब हैदराबादची. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झाली, पोलीस ॲक्शननंतर त्या हैदराबादेतच डॉक्टर झाल्या आणि मग इकडं आल्या ते कायमच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या गोष्टी दवाखान्यात पुष्कळ. एक अशी होती की त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात जखम सडून गेली, म्हणून या अशा झाल्या. मी कित्येक महिने ती गोष्ट खरी धरून चालले होते. एकदा चहा पिताना धीर करून बहिणीचा विषय काढला. बाईंनी माझ्याकडं नवलानं बघितलं. बहीण मजेत होती, जालन्याला होती, आणि फार बोलते म्हणून या तिच्याकडं जात नसत. मग असं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "असं म्हणजे कसं? सगळ्यांनी असंच असायला पाहिजे."

लग्नाच्या पंगतीत त्या पर्समधून स्वतःचा चमचा काढत आणि जिलबीसुद्धा चमच्यानं खात. हळदीकुंकवाला गेल्या तर कपाळ पुढं करत, हात नाही. भाजीवाली त्यांच्या पिशवीत भाजी स्वतः टाकायची. लोक हसत. पण बायको अडली की हसणारेच बाईंचं नाव विचारत दवाखान्यात येत, कारण बाईंच्या हातची जखम रेघेसारखी भरते, असा गावोगाव लौकिक होता.

ते हात मात्र बघवत नसत. ऑपरेशनच्या आधी आम्ही घासायचो त्याच्या दुप्पट वेळ त्या घासायच्या, तेही नारळाच्या काथ्यासारख्या राठ ब्रशनं. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला भेगा पडलेल्या. थंडीत त्यातून रक्त यायचं. सुलोचना सिस्टर, म्हणजे थिएटरच्या मुख्य नर्स, कधीतरी खोबरेल पुढं करायच्या, बाई नको म्हणून मान हलवायच्या. त्या भेगांकडं आम्ही आदरानं बघायचो. एखाद्या शेतकऱ्याच्या टाचा बघाव्यात, तसं. इतकं राबलेले हात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला टाके पिकायला लागले.

पहिली एक पिशवीचं ऑपरेशन झालेली मास्तरीणबाई. थोडा पू, दोन टाके काढून टाकले, भरून आलं. मग एक सीझर. मग आणखी एक. आणि मग सोजर.

सोजर वैजापूरकडच्या मेंढपाळ घरातली. कळप घेऊन फिरताना वाटेतच तिच्या कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, नवरा बिरू तिला कुणाच्या तरी टेम्पोत घालून घेऊन आला. सीझर झालं, मुलगी झाली, दोघी ठीक. तिसऱ्या दिवशी बाईंनी सोजरची पट्टी सोडून वास घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताप चढला. त्यानंतर जखम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडली. रोज सकाळी तिच्या पोटातून आम्ही औषधात भिजवलेल्या पट्ट्या काढायचो आणि नव्या भरायचो. सोजर साडीचा पदर दातांत धरायची. आवाज करायची नाही. मुलीला शेजारच्या खाटेवरची एक बाळंतीण पाजायची.

बाईंनी थिएटर बंद करायला लावलं. ट्रस्टचे अध्यक्ष धावत आले. ऑपरेशनं बंद म्हणजे दवाखान्याला टाळंच की, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. बाई त्यांना 'आपण' म्हणायला लागल्या तसे ते परत गेले.

मग शोध सुरू झाला, आणि त्या दिवसांइतकी धास्ती मी पुढं नोकरीत कधी अनुभवली नाही. बाईंनी गच्चीवरची टाकी रिकामी करून घासायला लावली. चादरी, कपडे वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र उघडवलं. त्या काळी रबरी हातमोजे धुऊन, पावडर लावून, वाफवून पुन्हा वापरत. प्रत्येक मोजा पाण्यानं भरून कुठं थेंब येतो का ते त्या स्वतः बघत बसल्या. थिएटरमध्ये फॉर्मलीनचा धूर केला, त्यानं आमचे डोळे दिवसभर चुरचुरायचे. मग माणसं. रोज कुणाला तरी बोलावणं यायचं. नखं, नाक, घसा, केस. कुणाला सर्दी आहे, कुणाच्या घरी कुणाला गळू झालंय. माणसं एकमेकांकडं चोरून बघायला लागली. रजियाबी म्हणून जुनी आया होती, तिच्या मानेवर फोड निघाला. बाईंनी तो बघितला आणि सगळ्यांसमोर तिला घरी पाठवलं. रजियाबी चपला हातात घेऊनच जिना उतरली.

ती गेली आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं होतं.

थिएटर उघडलं. पहिली दोन ऑपरेशनं धाकट्या डॉक्टरांनी केली. बाईंच्या हाताखालचे दुसरे सर्जन म्हणजे हे धाकटे डॉक्टर. दोन्ही जखमा छान भरल्या. तिसरं सीझर बाईंचं. चौथ्या दिवशी राउंडला पट्टी सुटली, आणि वास यायला बाईंच्या नाकाची गरज नव्हती. मलासुद्धा आला.

माझ्या मनात एक विचार आला आणि मी तो दाबला. सुलोचना सिस्टरांकडं बघितलं तर त्यांनी नजर खाली घातली. तेव्हा मला कळलं की त्यांनाही तो आलाय, कदाचित माझ्या आधी, कदाचित कित्येक दिवस आधी. धाकट्या डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हात नेहमीसारखे छातीसमोर. त्या वळल्या आणि सोजरच्या खाटेपाशी गेल्या. ती अजून आमच्याकडंच होती.

"तुझं ऑपरेशन कुणी केलं?"

सोजरनं आमच्याकडं बघितलं. काही चुकलं की काय, असं तिला वाटलं असावं.

"तुमीच की, बाई," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. टाके पिकलेल्या दुसऱ्या बाईच्या खाटेपाशी गेल्या, तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आलं. मग त्या दारात आल्या, आमच्याकडं पाठ करून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी हात खाली सोडले. मग हळूच वळून सिस्टरांना म्हणाल्या, "काडी आणा."

निर्जंतुक कापसाची काडी नाकातून आणि बोटांच्या भेगांतून फिरवून लॅबमध्ये पाठवायची असते. बाईंनी हात पुढं केला. सिस्टर पुढं होईनात, तेव्हा बाईंनी काड्या स्वतःच घेतल्या, एक नाकातून फिरवली आणि दुसरी एकेका भेगेतून. मग रजियाबीच्या घरी माणूस पाठवून तिच्याही फोडाचा नमुना आणवला. तिला घालवताना तो घ्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

नमुन्याचं उत्तर यायला दोन-तीन दिवस लागायचे. तेवढे दिवस बाईंनी कुठल्याही पेशंटला स्पर्श केला नाही. राउंडला यायच्या, खाटेपासून हातभर लांब उभ्या राहायच्या आणि मला सांगायच्या. मी पट्टी सोडायचे. त्या वाकायच्या नाहीत.

लॅब क्रांती चौकाजवळ होती. तिथले डॉक्टर बाईंचे जुने परिचयाचे. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, ते स्वतः आले. भर दुपारी, घामाघूम होऊन. बाईंच्या खोलीत मी हजेरी घेऊन गेले होते, उठायला लागले तर बाईंनी बस म्हणून खूण केली. लॅबचे डॉक्टर बराच वेळ उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले की रजियाबीचा फोड साधा होता, त्यातले जंतू निराळे. सोजरच्या जखमेतले, बाकीच्या बायकांच्या जखमांतले जंतू एकच, पेनिसिलिनला दाद न देणारे. आणि तेच बाईंच्या बोटांच्या भेगांत आहेत.

"नाकात?" बाईंनी विचारलं.

"नाकात थोडे. हातात पुष्कळ."

घासून घासून कातडी फाटली होती, आणि फाटलेल्या कातडीत त्यांनी घर केलं होतं. वरून कितीही घासलं तरी आतले निघत नव्हते. उलट जितकं घासावं तितकी नवी भेग. धुऊन धुऊन वापरलेल्या मोज्याला ऑपरेशन करताना सुईनं एखादं छिद्र पडलं की पुरे. लॅबचे डॉक्टर हे सगळं हळू आवाजात सांगत होते. बाई स्वतःच्या हातांकडं बघत होत्या, दुसऱ्या कुणाचे हात बघावेत तशा.

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं," ते म्हणाले.

"कुणीच मुद्दाम करत नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी अध्यक्ष आले. त्यांनी दार लावून घेतलं, पण आवाज बाहेर येत होता. झालं ते झालं, बाई थोडे दिवस रजेवर गेल्या तरी चालेल, मात्र पेशंटना यातलं काही कळता कामा नये, दवाखान्याची इज्जत जाईल. बाईंचा आवाज ऐकू आला नाही. दार उघडलं तेव्हा अध्यक्षांचा चेहरा उतरलेला होता. बाई सरळ वॉर्डात गेल्या.

त्या एकेका खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि एकेकीला सांगितलं. साध्या भाषेत, की तुझी जखम माझ्यामुळं चिघळली, माझ्या हातात जंतू होते, मला ठाऊक नव्हतं. मास्तरीणबाई फेरतपासणीला आल्या होत्या, त्या रडायलाच लागल्या, आणि म्हणाल्या की बाई, असं नका म्हणू. बाई पुढं गेल्या. सोजरच्या खाटेशी बिरू बसला होता. कळप भावाच्या हवाली करून तो इतके दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमच्या हातानं?"

"हो."

"मंग आदी का नाय बघितले हात?"

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"समद्यांचे बघितले म्हंत्यात," बिरू म्हणाला. "त्या म्हातारीला हाकलली. सवताचे का नाय बघितले?"

सोजर त्याला गप बसा म्हणाली. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बघायला पाहिजे होते."

बिरू उठून व्हरांड्यात गेला. पुढं सोजर बरी झाली, जखम मागाहून पुन्हा शिवावी लागली, आणि घरी जाताना तिच्या पोटावर बोटभर रुंद वण होता. बिरू जाईपर्यंत बाईंशी बोलला नाही. बाईंनीही त्याची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. मी एकदा त्याला रागीट म्हटलं तर बाई मला 'आपण' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन रजियाबीच्या घरी गेल्या. ती दारात तांदूळ पाखडत होती. बाईंनी सांगितलं की फोडाचा काही संबंध नव्हता, चूक माझी होती, कामावर चल.

"तुम बोले नक्को आओ, तो नहीं आयी," रजियाबी सूप खाली न ठेवता म्हणाली.

"अब बोल रही हूँ, आओ."

"सबके सामने बोले थे."

बाईंनी मान डोलावली. त्या दुपारी सगळ्या स्टाफला व्हरांड्यात बोलावून बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. रजियाबी पदर डोक्यावर नीट घेऊन ऐकत उभी होती. मग तिनं झाडू उचलला.

त्या दिवसापासून बाईंनी सुरी हातात घेतली नाही. हातांना मलम, नाकात मलम, साबण बंद. पुन्हा काडी, पुन्हा लॅब. कधी साफ निघायचं, पुढच्या खेपेला पुन्हा सापडायचं. ऑपरेशनं धाकटे डॉक्टर करायचे, मी मदतीला. सोपी सीझरं मी करायचे, ते समोर उभे राहायचे. बाई थिएटरच्या दारात उभ्या. आत पाऊल नाही. हात पाठीमागं बांधलेले. तिथून त्यांना आमचे हात दिसत, आणि ब्रश करताना कुणी घाई केली तर मागून खाकरणं ऐकू यायचं.

चैत्र संपता संपता एका दुपारी धाकटे डॉक्टर पैठणला लग्नाला गेलेले. सकाळचं काम उरकलं होतं, भुलीचे डॉक्टर चहा पीत होते. कमल नावाची एक चिकलठाण्याची बाई कळा देत होती, तिला तपासायला मी वळते तोच पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर नाळ बाहेर आली. बाळाआधी नाळ बाहेर आली की बाळाचं डोकं तिला दाबतं, आणि बाळाचं रक्त बंद होतं. सुलोचना सिस्टरांनी हातमोजा चढवून आत हात घातला, बाळाचं डोकं वर ढकलून धरलं आणि त्या तशाच कमलच्या खाटेवर चढल्या. खाट ढकलत आम्ही थिएटरात नेली. सरकारी दवाखान्यात पाठवायला वेळ नव्हता.

"बाई," मी म्हटलं.

त्या दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तू करायचं. मी इथं आहे."

एकटीनं मी कधीच केलं नव्हतं. भूल दिली. चादरीखाली सिस्टरांचा हात अजून आतच होता. नाळेत ठोके आहेत, पण मंद होत चाललेत, असं त्या मला सांगत होत्या. मी कापलं. कसं कापलं ते आज आठवत नाही. बाळ निघालं, निळसर, सैल. रजियाबीनं ते कापडात घेतलं आणि भुलीच्या डॉक्टरांकडं दिलं. ते रडायला लागण्याची वाट बघायला मला सवड मिळाली नाही, कारण पोट रक्तानं भरायला लागलं होतं. घाईत बाळ काढताना गर्भाशयाची चीर डाव्या कोपऱ्यात पुढं फाटत गेली होती. मी पुसायचे, भरायचं. पुसायचे, भरायचं.

"बाई, रक्त थांबत नाही."

"काय दिसतंय?"

"काही दिसत नाही."

"दिसायची वाट बघू नकोस. डावा हात खाली घाल. गर्भाशय उचल, पोटाबाहेर काढ. भिऊ नकोस, येतं."

आलं. माझ्या तळहातावर गरम, जड.

"आता कोपऱ्याच्या मागं बोटं घाल आणि पुढून अंगठ्यानं दाब. जोरात. दाबलंस?"

"हो."

"कमी झालं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे तू जागा चुकलीस. खाली सरक."

मी सरकले. भुलीचे डॉक्टर म्हणाले की नाडी लागत नाही. मागून नळ सोडल्याचा आवाज आला. कुणी आणि कशाला नळ सोडला याचा विचार करायला माझ्याकडं डोकं नव्हतं. पाण्याच्या आवाजातूनच बाईंचा आवाज येत राहिला, चढला नाही, घाईचा झाला नाही.

"सुई माग. फाटलंय तिथून टाका घेऊ नकोस. त्याच्या पलीकडं जा, जिथं धड आहे तिथून घे. पलीकडून. घेतलास?"

"घेतला."

"बांध. आता बोट सोड आणि बघ."

मी बोट सोडलं. त्या कोपऱ्यातून रक्त आलं नाही. मी एक ते दहा आकडे मनात म्हटले. आलं नाही. कोपऱ्यात कुठंतरी बाळ रडत होतं आणि ते केव्हापासून रडत होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

"थांबलं," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. मी मान वळवली. बाई दारात नव्हत्या. दाराशेजारी हात धुवायचं कुंड होतं, तिथं त्या उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या. ब्रश हातात होता, पेरांतून रक्त येत होतं. त्यांनी कोपरानं नळ बंद केला आणि ब्रश परत ठेवला.

नंतर, कमलला बाटली लावून वॉर्डात हलवल्यावर, मी त्यांना विचारलं, तुम्ही आत येणार होतात का. त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या.

"रक्तानं ती आत्ता गेली असती," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं आठवड्यानं. आठवडाभर झगडता तरी येतं. अजून एक टाका चुकला असता तर आले असते."

"मग सांगत का राहिलात?"

"तू ऐकत होतीस म्हणून."

पुढचे दिवस मी कमलच्या पोटाला हात लावायलाही भ्यायचे. ताप बघायला दिवसातून कितीदा जायचे, तिची सासू विचारायला लागली की काही लपवताय का. टाके काढायच्या दिवशी बाई राउंडला आल्याच नाहीत, बाहेरच्या तपासणीला बसल्या होत्या. मी एकेक टाका कापला. जखम कोरडी, मिटलेली. मी धावत जाऊन सांगितलं. त्या एका बाईचं पोट तपासायला सांगत होत्या, नवीन लागलेल्या डॉक्टर मुलीला, स्वतः हात न लावता. त्यांनी मान डोलावली, काम संपवलं, मग माझ्याकडं वळल्या.

"उद्या सीझर आहे ना?"

"आहे. धाकटे डॉक्टर करतील."

"त्यांच्याशी बोलले आहे मी. तू करायचं. ते मदतीला उभे राहतील." वळता वळता म्हणाल्या, "आणि मी दारात नसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुतले. जितकं हवं तितकंच घासलं, जास्त नाही. चादरी अंथरून झाल्या, भुलीच्या डॉक्टरांनी मान डोलावली, सिस्टरांनी सुरी हातात दिली. मी दाराकडं बघितलं. दार बंद होतं. पलीकडं, लांब, तपासणीच्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी 'पोरी' म्हणत होत्या. धाकटे डॉक्टर माझ्याकडं बघत थांबले होते.

"करू या," मी म्हटलं.